उन्हातली गाडी आणि अडलेली ऑर्डर

कवळी बसवून घ्यायला आलेल्या आजी दातांच्या दवाखान्यात ताटकळत बसल्या होत्या. शेजारी एक गाल सुजलेला माणूस कण्हत होता. तेवढ्यात दार आपटून एक बाई आत आल्या आणि थेट त्याच्यापुढे उभ्या राहिल्या.

"फोन का उचलत नाही हो? इन्सुलिनची गाडी आपल्या गोदामाच्या गेटवर उन्हात उभी आहे. बर्फ वितळतोय!"

"मॅडम, दाढ..."

"दाढ गेली खड्ड्यात! माल उतरवून घ्यायला संगणकावर ऑर्डर उघडायला गेलं की लिहून येतं, दुसरं कुणीतरी ती उघडून बसलंय. सॉफ्टवेअर तुम्हीच सांभाळता ना?"

"कुणाचं नाव दाखवतंय?"

"माझंच! वरचा संगणक हँग झाला, मी वैतागून वायर उपटली आणि खाली गोदामातल्या संगणकावर बसले."

"म्हणजे वरच्या संगणकानं ऑर्डरला लावलेलं लॉक तसंच राहिलंय. ते सर्व्हरवरून काढावं लागेल."

"मग काढा की मोबाइलवरून! गाल सुजलाय, बोटं नाहीत."

"काढलं असतं. पण मागे एकदा असंच काढलं, तेव्हा तुम्ही मोठ्या साहेबांकडे तक्रार केलीत. त्यांनी माझा अधिकारच काढून घेतला."

"बरोबरच केलं! माझं अर्धं काम पुसलं होतंत. आता कुणाकडे आहे तो अधिकार? नंबर द्या, सोलूनच काढते त्याला."

त्यानं गालावरचा हात खाली घेतला.

"तुमच्याकडेच आहे, मॅडम. साहेबांनी त्याच दिवशी तुम्हाला दिला."

आजी पदराआड हसू लपवून बाईंकडे बघत राहिल्या.

बाई कडाडल्या, "मग हे आल्या आल्या सांगायला काय दातखीळ बसली होती तुमची?"