सरसाचे डाग

निजामाच्या रेल्वेची वाट बघत आम्ही करमाडच्या फलाटावर बसलो होतो. शेजारी बहीण-भाऊ, मधे नवी सागवानी पेटी.

"भाई, ओला फडका फिरवला तर हे डाग उठले."

"चिकटवलेल्या सांध्यातला सरस सुकलाय, जाहेदा. त्यावर पॉलिश चढत नाय. चहावाल्याकडून गरम पाणी आण."

"अब्बा तर पेटी जोडताना सरसाचा ठिपका बी राहू देत नव्हते."

"तवा त्यांना दिसत होतं."

"शहागंजातल्या पॉलिशवाल्याकडंच तर नेतोय, त्यानंच पुसले असते की."

"अन् अब्बांचं काम बिघडलं म्हणून बाजारभर सांगितलं असतं. हळू घास, निघतायत."

"पॉलिश झाल्यावर अब्बा पेटीवरून बोटं फिरवतील. डाग होते का, म्हणून विचारतील."

"विचारू दे. म्हणायचं, फडका भिजवायची बी गरज पडली नाय."