एक नाणं, एक कटिंग

हलू नका साहेब, फेस लावलाय — बोलायचं काम माझं, तुम्ही नुसतं ऐका. ही दाढी माझ्याकडून. लाच नाही हो, पाहुणचार! तर तुमचं सरकारी खातं म्हणतं, माझं कटिंग-कॉइन म्हणजे शेअरसारखा रोखा, त्याला कायदा लागू. अहो, कसला रोखा? मेहुण्यानं कॉम्प्युटरवर काढून दिलेलं नाणं ते, हातात धरतासुद्धा येत नाही. एक नाणं दिलं की एक कटिंग, कटिंग झाली की नाणं संपलं. म्हणजे काय झालं? कूपन झालं. कूपनाला कुणी कायदा लावतं का? — नाही लावत. मान जरा डावीकडे.

आता भाव चढला, त्याला मी काय करू? आज कटिंग केली आणि उद्या भाव दुप्पट झाला तर, म्हणून कुणी नाणं मोडतच नाही. रोख मी घेत नाही, नाहीतर नाण्याला कोण विचारतो? येताना बघितलंत ना — बँकेचा मॅनेजर वेणी घालून बसतो. मास्तर एका हातानं केस वर धरतात, दुसऱ्यानं फळ्यावर लिहितात. मेहुण्याचे केस परवा टेबलफॅनमध्ये अडकले, तर ओरडतोय काय — कापू नका, फॅन तोडा! तुमचे केस कापलेले दिसले तेव्हाच ओळखलं मी, माणूस बाहेरचा, सरकारी.

भाव कशावर चढतो? माझ्या हातावर! असा हात पुन्हा होणे नाही म्हणतात लोक. — हां, म्हणजे मेहनत एकाची, नफ्याची आशा दुसऱ्याला, म्हणून रोखाच, असं तुमचे डोळे म्हणताहेत. बरं. पण रोखा ठरला की धंद्यात जे बिघडलं ते जाहीर करायचं, हे कुठलं? घरातलं दुखणं काय दारावर चिकटवायचं? — दुखणं नाही हो. कात्री धरून महिने झाले, सवय मोडली, बोटं जरा… हलतात. सकाळी चहाचा कप बशीवर वाजतो, एवढंच. बायकोनं ऐकलं. दुपारी तिची सगळी नाणी विकून मोकळी झाली. — भीती वाटते साहेब, खरं सांगतो. भाव गेला खड्ड्यात, पण उद्या सगळे एकदम कटिंगला आले तर? मी कुठल्या हातानं कापू?

घाबरू नका, वस्तरा दोन्ही हातांनी धरलाय. — ते चादरीखाली काय चाळवताय? फोन? लिहून घेताय माझं? बघू… अहो, हा तर आमच्याच नाण्यांचा बाजार! तुमच्याकडेही आहेत? आणि विकताय?

उठा. उठा खुर्चीवरून, हा टॉवेल घ्या. अर्धी राहिली तर राहू द्या. आणि बाहेर कुणी विचारलं गालाला काय झालं, तर सांगा — तुम्हीच हललात.