पट्टीवरची पिळ्ळैयारची खूण

सन्माननीय अध्यक्ष डॉक्टर अरवमुदन, व्यासपीठावरचे पाहुणे, आपल्या रक्तदाता मंडळाचे सभासद आणि समोर बसलेल्या माझ्या बहिणींनो,

पूंगोडी उद्या चेन्नईच्या नोकरीवर निघते आहे. आपण तिला शाल दिली, चंदनाचा हार घातला, शिफारसपत्रही दिलं. त्या पत्रात एक ओळ आहे: ‘कामात एकदा गंभीर हलगर्जी झाली.’ तिथल्या साहेबांनी ती वाचल्यावर नोकरी राहील का? मी त्या ओळीबद्दलच बोलायला उभी आहे.

रक्तदात्यांच्या नावांचा प्रोग्राम तिनंच लिहिला. वर बटणांची पट्टी: ‘नवीन नाव’, ‘शोधा’, ‘काढून टाका’. पुढे पट्टीच्या आरंभी पिळ्ळैयारची, म्हणजे गणपतीची, खूण बसली. आपल्या कुंभकोणमात वाणसामानाची यादीही तिच्यावाचून कोण लिहितं? पण प्रोग्राम बटण ओळखायचा रांगेतल्या जागेवरून. खुणेमुळे बटणं एकेक घर पुढे सरकली, कामं मात्र जागच्या जागी राहिली.

दुसऱ्याच सकाळी बाळंतीण मल्लिगाचं रक्त थांबेना. तिच्या रक्तगटाचा गावात एकच दाता. इस्पितळातल्या आपल्या यंत्रापुढे मी होते. तो गट निवडून ‘शोधा’ दाबलं. यंत्रानं इंग्रजीत काही विचारलं. मॅट्रिकच्या इंग्रजीवर मी ‘हो’ म्हटलं. नाव पुसलं गेलं.

नर्स दारात येऊन म्हणाली, “मामी, नाव सांगा ना, आत बाई पांढरी पडलीय.”

पूंगोडी धावत आली. मला कशालाही हात लावू दिला नाही. यादीच्या कालच्या नकलेतून तिनं नाव परत आणलं. सात मिनिटं लागली. मी मुरुगाचा धावा करत भिंतीला टेकले होते. दाता आला, मल्लिगा वाचली.

चौकशीत पूंगोडी म्हणाली, “बटण नावानं ओळखायला हवं होतं, जागेवरून नव्हे. चूक माझी.” खरंच आहे. पण खूण घालायचा हट्ट कुणाचा, हे कुणी विचारलंच नाही. हट्ट माझा. ती चार दिवस मागत होती, तपासून घालते म्हणत होती. मी म्हटलं, “देवाच्या कामाला तपासणी कसली गं? आज चतुर्थी आहे, आजच घाल.” माझ्या वयाचा मान राखून तिनं घातली. चौकशीत मी तिच्या शेजारीच बसले होते, आणि गप्प राहिले.

अध्यक्षमहाराज, ती ओळ काढा. काढवत नसेल, तर त्या ओळीपुढे माझंही नाव लिहा.

ऐकून घेतलंत, उपकार झाले. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर मला बोला, तिला नको. नवं पत्र तिच्या चेन्नईच्या पत्त्यावर जाऊ द्या, आणि ते मिळालं की पूंगोडी, तू मला उलट टपाली कळव.