साडेअकराची तहकूब सभा

नाव कुणाचं घेणार नाही मी, पण इथं समोर बसलेल्यांतच असा कुणीतरी आहे, जो अकराच्या सभेला मुद्दाम साडेअकराला येतो आणि वर चहाचा घोट घेत म्हणतो, "संघटनेत सुधारणा झालीच पाहिजे!" अहो, शेजाऱ्याकडं काय बघताय? तो तुमच्याकडंच बघतोय!

आता तुम्हाला सांगतो, ही आपली तालुक्याची पशुसंवर्धन पदविकाधारक संघटना. जनावरांना लस टोचणारे, कानात बिल्ले मारणारे, अडलेली गाय सोडवणारे आपण सगळे. त्यातला मी सगळ्यात नवा, सिदू. मी पदविका घेतली आणि दुष्काळ पडला. गोठे रिकामे झाले, जनावरं झाडून सगळी चारा छावणीत गेली, गावात उरल्या कोंबड्या... आता कोंबडीच्या कुठं बिल्ला मारता? म्हणजे काम असेल तर छावणीवर. छावणीवर माणूस कोण द्यायचा ते संघटना ठरवणार, आणि संघटना म्हणजे कोण? शहादेवअण्णा! स्थापनेपासून अध्यक्ष!

गेलो अण्णांकडं. म्हटलं, अण्णा, छावणीची ड्यूटी. अण्णा म्हणाले, "बघू." तुम्हाला सांगतो, अण्णांनी बघितलं! भाच्याचं बघितलं, मेव्हण्याचं बघितलं, व्याह्याच्या पोराचं बघितलं, मग त्यांना चष्मा लागला. आणि इकडं माझी आई, ताराबाई, ऊसतोडीला कारखान्यावर गेलेली, तिचा रोज फोन. "झालं का रं तुझ्या कामाचं? न्हाई तर ये इकडं. तुझ्या बापाची कंबर धरलीय, मोळी उचलाया माणूस न्हाई." आता सांगा, ऊसच तोडायचा होता तर गाईची चार पोटं मी पाठ कशाला केली? मोळी उचलताना त्यातलं कुठलं पोट कामाला येतं?

म्हणून ठरवलं, संघटनेची घटनाच बदलायची! भीक नको, नियम पाहिजे. दुरुस्ती एक : अध्यक्षाला दोनच मुदती. दुरुस्ती दोन : छावणीची ड्यूटी नंबरानं. मर्जी नाही, वशिला नाही, नंबर! एकेका सभासदाला जाऊन भेटलो, आणि तुम्हाला सांगतो, एकही माणूस विरोधात नाही! "सुधारणा झालीच पाहिजे." "लई अन्याय हाय बे." "तू बोल, आमी मागं हाव." एवढे लोक मागं, की पुढं कुणीच नाही हे माझ्या लक्षातच आलं नाही.

मग गेलो सचिवांकडं, त्रिंबकमामांकडं. मामा म्हणाले, "कर की दुरुस्ती. फक्त ती पहिल्या सभेत करावी लागती. तहकूब सभेत चालत न्हाई."

म्हटलं, मग पहिल्या सभेत करू.

मामा म्हणाले, "पहिली सभा आजून झाली न्हाई."

"कधीपासून?"

"संघटना निघाल्यापासून."

कळलं का? नोटिशीच्या शेवटी ते वाक्य असतं बघा, निम्मे सभासद न जमल्यास सभा तहकूब होऊन अर्ध्या तासानं त्याच जागी भरेल आणि तिला गणपूर्तीची अट राहणार नाही. वाक्य कुणी घातलं माहीत नाही, पण आपण फक्त तेवढंच वाचतो! सगळे सभासद वेळेत येतात, हॉलसमोर छबुबाईच्या हॉटेलात बसतात, हॉलमध्ये एकटे मामा. मामा रिकाम्या खुर्च्यांकडं बघून लिहितात, 'गणपूर्तीअभावी तहकूब'. मग दारात येऊन उपरणं हलवतात, आणि साडेअकराच्या ठोक्याला सगळे रस्ता ओलांडून आत. कोण म्हणतं आपल्या लोकांना वेळेची किंमत नाही? तहकूब सभेला आजवर कुणाला उशीर झाला नाही!

त्या सभेला मी अकराला जाऊन बसलो. मामा दचकले. "तू कावून आला?"

"सभेला."

"सभा साडेअकराला हाय."

"नोटिशीत अकरा आहे, मामा."

"ते नोटिशीत हाय."

खिडकीतून हाका मारल्या. अहो, या की! सुधारणा करायचीय! तर समोरून, 'आमी मागं हाव' म्हणणारा मुंजाजी बशीतला चहा फुंकत ओरडला, "तहकूब होऊ दे, लगेच येतो!" धावत गेलो, हात जोडले. तर मुंजाजी मला कोपऱ्यात घेऊन हळूच म्हणतो, "सिदू, सुधारणा झालीच पाहिजे. पर पहिल्या सभेला जायाचं म्हंजी कसं दिसतं? अण्णा म्हणतील, ह्यो आपल्या विरोधात गेला." बघा! आपल्याकडं बंडखोरी म्हणजे काय, तर वेळेवर येणं!

पण दुष्काळ माझ्या बाजूनं होता! पुढच्या सभेच्या दिवशी टँकर आला नाही, आणि छबुबाईच्या हॉटेलातला रांजण कोरडा. हॉलच्या टाकीत मात्र तळाला पाणी. छबुबाईनं स्टोव्ह उचलला आणि थेट हॉलच्या कोपऱ्यात मांडला. मी काही केलं नाही, तुम्हाला सांगतो... स्टोव्हची फक्त एक बाजू धरली. आता चहा आत, पंखा आत, बाहेर ऊन असं की कुत्रं गटारात झोपलेलं. हळूहळू सगळे आत! गप्पा रंगल्या, अकरा वाजले, मी उभा राहून म्हटलं, मामा, गणपूर्ती झाली!

कुणाच्या तरी घशात चहा अडकला. मुंजाजी म्हणाला, "आमी सभेला न्हाई, चहाला आलोत." मी म्हटलं, घटनेत 'उपस्थित' लिहिलंय, कशासाठी ते लिहिलेलं नाही! दोघं उठून दारापर्यंत गेले, उन्हाकडं बघितलं, परत येऊन बसले. मामांनी वहीची मागची पानं चाळून बघितली. "सिदू, तहकूब न्हाई तर मग काय लिहायाचं असतं रं?"

मी सांगितलं काय लिहायचं. दोन्ही दुरुस्त्या वाचल्या, हात वर करा म्हटलं. एक हात वर गेला, त्याच्याकडं बघून दुसरा, आणि मग काय, सगळेच! एकमतानं! बरोबर साडेअकराला अण्णा आले. तहकूब सभेला. सभा संपलेली! मी छाती काढून दुरुस्त्या वाचून दाखवल्या. मला वाटलं, आता चिडतील, टोपी आपटतील...

अण्णा शांतपणे खुर्चीत बसले. "झकास केलंस, पोरा. अध्यक्षानं स्वतःला ड्यूटी कशी घ्यायची, लोक काय म्हणतील, म्हणून इतके दिस मी गप होतो. आता अध्यक्षपदातनं मोकळा झालो. बरं, नंबर कसा लावलाय?"

आणि मी! मी अभिमानानं, खणखणीत आवाजात सांगितलं, सदस्यत्वाच्या ज्येष्ठतेनुसार! कुणाला शंका नको म्हणून मीच घातलेला शब्द!

अण्णा म्हणाले, "म्हंजी पहिला मीच."

पहिले अण्णा. दुसरा कोण? संघटना काढायला माणसं कमी पडली तेव्हा अण्णांनी पदविका पुरी व्हायच्या आत सभासद करून घेतलेला भाचा! तिसरा मेव्हणा! चौथा व्याह्याचा पोरगा! अण्णांच्या मागं क्रम तोच हो, आधी मर्जीनं होता, आता नियमानं आहे. आणि सगळ्यात शेवटी, माझ्याच नियमानं, मी. माझा नंबर येईपर्यंत आभाळ भरून येणार, छावण्या मोडणार.

म्हटलं, परत दुरुस्ती करू! तर दुसऱ्याच दिवशी टँकर सुरू. स्टोव्ह गेला रस्त्यापलीकडं, सभासद गेले स्टोव्हमागं. परवा भेटलो सगळ्यांना. काय म्हणाले असतील? बरोबर! सुधारणा झालीच पाहिजे!

रात्री आईला फोन केला. सगळं सांगितलं. अण्णांना खाली उतरवलं, नियम केला, आता कुणाची मर्जी नाही, सगळं नंबरानं. आईनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आन् तुझा नंबर कितवा?"

म्हटलं, शेवटचा.

आई म्हणाली, "मंग ये इकडं. फडात समद्यांचा पहिलाच नंबर असतो."