तामलवाडीच्या मशीनची तब्येत

आता मला सांगा, स्क्रीन लाल झाली की माणसानं काय करायचं? घाबरायचं, व्हय ना? पण तुम्हाला सांगतो, आमच्या नंदीशच्या धाराशिवच्या हापिसात ती स्क्रीन दिवसातनं चाळीसदा लाल व्हायची. लाईट गेली, लाल... नेट गेलं, लाल... कुणी दुधाच्या टाकीचं झाकण उघडून बघितलं, तरी लाल. मग कंपनीनं नियम काढला, लाल दिसलं की पाच मिनिटांत तिथल्या माणसाला फोन करायचा आन् तो सांगंल ते खरं धरायचं. म्हंजी एवढी मोठी यंत्रणा, आन् शेवटी भरवसा कुणावर, तर तामलवाडीच्या धोंडप्पावर.

तामलवाडीला दूध गार करायचं केंद्र हाय, नऊ हजार लिटरची टाकी, आन् धोंडप्पा तिथला जुना राखणदार. टाकीचं गार करायचं यंत्र चालू-बंद करायचं काम एका डब्याएवढ्या मशीनकडं. आदी हातानं चालू करायचं बटन होतं, ते बी काढून टाकलं, का तर आता सगळं आपोआप! आन् असले डबे धाराशिवात बसून सांभाळायचे नंदीशनं. पोरगं तीन वर्षं कंत्राटावर. पुण्याच्या अर्पिता मॅडम, त्याच्या साहेब, म्हणल्या होत्या, "या महिन्यात दूध नासलं नाही, तर तुला कायम करते." एकोणतीस दिवस पोरानं जीव मुठीत धरून काढले. राह्यला एक.

त्या शेवटच्या दिवशी सकाळी आठला, तामलवाडी लाल. नंदीशनं लगेच फोन लावला.

"काका, मशीन बंद पडलं का?"

तिकडनं धोंडप्पा, आवाज लई हळू, "न्हाय न्हाय... जरा नरम हाय. तुमी या निघून."

जरा नरम हाय. आता ह्याचा अर्थ काय लावायचा, सांगा. नंदीशनं रिपोर्टात लिहिलं, मशीन चालू, थोडं मंद. तेवढ्यात मॅडम फोनवर, "स्टेटस काय?"

"मॅडम, जरा नरम आहे."

"नरम म्हणजे किती टक्के?"

नरम कधी टक्क्यांत मोजत्यात व्हय? पण नोकरीचा मामला, नंदीश म्हणला, "साठ." कपाटात जादाचं नवंकोरं मशीन होतं, पण साठ टक्के जित्या मशीनला नवं कशाला, म्हणून ते तिथंच ठेवलं, पेचकस आन् वायर पिशवीत टाकली आन् एसटीत बसला.

तुळजापूर मागं पडलं, तसा परत फोन लावला. गाडीचा खडखडाट, म्हणून स्पीकरवर.

"काका, आता कसं हाय?"

"हाय तसंच... जरा नरमच. तुमी घाई करू नका, सांभाळून या."

"त्याचे दिवे तरी लागलेत का?"

"आता काय सांगू, साहेब... सगळं देवाच्या हातात."

शेजारच्या सीटवरली म्हातारी कान देऊन ऐकत होती. तिनं नंदीशच्या हातावर हात ठेवला. "घरचं कोन हाय रं, लेकरा?"

"मशीन हाय, आजी."

"कोन का असंना. असा निरोप आला की गेल्यालं असतंय."

तुम्हाला सांगतो, तवा कुठं पोराच्या डोक्यात उजेड पडला. एवढं आपल्याला कळू नये? आपल्या चुलत्याच्या वेळी असाच फोन न्हवता आला? हापिसात फोन केला, कपाटातलं मशीन जीपनं धाडा म्हणला, तर जीप बाहेर गेलेली, तासाभरानं येणार.

तामलवाडीला फाटकातच धोंडप्पानं हातातली पिशवी घेतली, खाटेवर बसवलं, तांब्या पुढं केला. "आदी पाणी प्या." मग म्हणला, "तुमचा पयला फोन आला तवाच गेलं होतं. जळका वास आला आन् शांत झालं."

नंदीश वराडलाच, "मग फोनवर का न्हाय सांगितलं?"

"एवढं वंगाळ फोनवर कसं सांगावं? तुमी एकटे, लांबचा रस्ता... वाटंत तुमालाच काय झालं म्हंजी?" म्हाताऱ्याचे डोळे भरले होते. आता असल्या माणसावर रागवायचं तरी कसं?

साडेबाराला दूध नासलं. जीप तवा तुळजापुरात होती. आन् मॅडमचा फोन वाजायला लागला. ज्या पोरानं आत्ताच धोंडप्पाला झापलं, त्यानं फोन उचलला, सांगायला तोंड उघडलं, आन् निघालं काय?

"मॅडम, जेवलात का?"

आठ वर्षं पुण्यात काढली असतील, पण बाई मूळची आमच्याच जिल्ह्यातली, मुरूमची. तिनं हळूच इचारलं, "कोण कोण गेलं, नंदीश?"

"मशीन सकाळी आठला, मॅडम. दूध आत्ताच. आन् माझं काय ते... तुमी जेवून घ्या, मग सांगा."