मागं पडलेली पात

तुम्ही हसाल, पण ताणतणावावरचं माझं पहिलं शिबिर सेनगावजवळ, कापसाच्या रानात झालं. बंगळूरहून शिकून परतले होते. खुरपणाऱ्या बायांना मी तळमळीनं सांगितलं, "मन जड झालं की एकटं सोसू नका. कुणाला तरी हाक मारा."

शेजारच्या शांताकाकू म्हणाल्या, "बोल की. पर पात धरून बोल."

पात म्हणजे खुरपायची ओळ. मी खुरपं घेतलं. थोड्याच वेळात सगळ्या पुढं निघून गेल्या. त्यांचं हसणं ऐकू यायचं, शब्द नाहीत. परतल्यापासून चार महिने गावात माझं असंच चाललं होतं. मी मान खाली घालून खुरपत राहिले.

मान वर केली, तर काकू माझीच पात समोरून खुरपत येत होत्या.

"काकू, तुमची पात?"

"बायांनी वाटून घेतली. काहून गं, हाक न्हाई मारली?"

"तुमचं काम अडलं असतं."

"मागं पडलं की हाक मारायची असती, लेकरा. एवढी शिकलीस, हे न्हाई शिकवलं तिथं?"

"शिकवलं होतं," मी म्हणाले. "सकाळी तुम्हाला तेच सांगत होते."