दत्तोबांची बोटुकली

त्या गुरुवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी सुरू झालं हे सगळं, कैलासभाऊ—आमच्या पोराला, माजला, तापाचं औषध पाजायचं होतं म्हणून मोबाईल बघितलेला, त्यामुळं ध्यानात ऱ्हायलं—पण तुमी आदी फाटकाच्या भायेर व्हा बघू. राग मानू नका. दरसाल मासे काढायला आमचंच जाळं नेता, व्हय, निम्म्या भाजे गावात तेच फिरतं, न्हाई म्हणायची रीत न्हाई आपल्यात. यंदा न्हाई देत. उमेरावहिनीला लय ताठा आलाय म्हणा घरी जाऊन. त्या घमेल्यातल्या औषधाच्या जांभळ्या पाण्यात चपला बुडवा आन् मगच गाडीवर बसा—हसताय कशाला? आमचा रोग पायाला लावून तुमच्या तळ्यावर गेलात मग कळंल. रोहू, कटला, एक मासा ठेवला न्हाई रोगानं. अंगावर लाल फोड, शेपट्या सडलेल्या. खड्डा काढून चुना टाकून पुरले मी, पोर पाठीला बांधून.

तुमच्याकडं तर सगळं लय कडक, मग असं कसं—हेच ना? कडकच होतं. मासेपालनाच्या शिबिराला मीच गेलेले, सातवी शिकलेली असून पाटी मीच रंगवली, भायेरचं जाळं औषधात बुडवा, दोन दिवस उन्हात वाळवा. माजचे अब्बा पाव्हण्यांना पाटी दाखवायचे, म्हणायचे, ही आमची डॉक्टरीण. तर त्या गुरुवारी सात दहाला निजाम आमचं जाळं परत घेऊन आला—माझा भाऊ, औंढ्याचा. त्याला जाळं द्यायचं न्हाई म्हणून ह्यांनी मला बजावलेलं, पण भाऊ मागायला आला तर काय सांगू? म्हणाला, आपा, माझे दोन-चार मासे तरंगले, पण ते उन्हानं असंल. जाळ्यातनं पाणी गळत होतं. मी लगेच तारेवर वाळत टाकलं—न्हाई. टाकणार होते. तेवढ्यात लोणावळ्याच्या हॉटेलवाल्याचा फोन, नऊच्या आत वीस किलो पायजेत, घरधनी पुण्याला, कडेवर पोर तापानं फणफणलेलं—निजामच म्हणाला, आलोच हाय तर ओढून देतो. तेच ओलं जाळं आमच्या तळ्यात ओढलं. एकदाच. संध्याकाळी ह्यांनी विचारलं, भायेर जाऊन आलेलं जाळं-बिळं तळ्यात गेलं न्हाई ना? मी न्हाई म्हणाले. तेवढाच एक शब्द.

पुढं मासे मरायला लागले, मग दोष कुणावर जाणार? बोटुकलीवर. महिन्यामागं सुदुंबऱ्याच्या दत्तोबांकडनं पिल्लं आणून सोडलेली, म्हणून त्यांनीच रोगट माल दिला असं हे गावोगाव सांगत सुटले, आन् मी भाकरी थापत ऐकत बसले. आता कुणी त्यांच्याकडं फिरकत न्हाई. परवा म्हातारा हितं आला. मी सांगायच्या आदी पाय धुतले त्यांनी, आत आले न्हाईत, फाटकातनंच म्हणाले, "पोरी, तीस वर्सं बोटुकली देतोय मी. माझं काय चुकलं तेवढं सांग, म्हंजी सुधारतो." मी म्हणाले, माजचे अब्बा घरात न्हाईत. पाणीसुद्धा विचारलं न्हाई त्यांना.

तुमी असं बघू नका. मला एवढं बोलायचंच नव्हतं, तुमाला नुसतं जाळं न्हाई म्हणून सांगायचं होतं. तीनदा ह्यांना फोन लावायला घेतला, तीनदा ठेवला. निजामचं नाव निघालं की माझं माहेर तुटलं, आन् न निघालं तर—आज चार वाजता कामशेतला सगळे तळेवाले बसणार, दत्तोबांकडनं कुणी काही घ्यायचं न्हाई असं ठरवायला. हे दुपारीच गेलेत. तुमीबी तिकडंच चाललाय, व्हय ना?

मग थांबू नका आता, निघा, पोर उठलंय. तितं बोलणं सुरू व्हायच्या आदी उभं ऱ्हावून सांगा, दत्तोबांची पिल्लं चांगली होती, खोट आमच्या घरात झाली. माजच्या अब्बांच्या तोंडावर सांगा. कुणाकडनं कळलं विचारतील, तर उमेरानं सांगितलं म्हणा.